रानात जातेस, तर हे ऐकून जा

अगं, तू तांबडी सुर्ल्याला पक्षी बघायला जायचं ठरवलंस हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गोवा म्हटलं की सगळ्या जणी समुद्राकडे धावतात. तू अनमोड घाटाच्या पायथ्याशी, मोल्याच्या रानात निघालीस. पण तुझ्या हातात दिवस एकच आहे. त्या रानाचा स्वभाव माहीत नसताना गेलं, तर संध्याकाळी मान दुखते आणि मन खट्टू होतं, बाकी काही नाही. म्हणून जरा बस माझ्याजवळ.

आधी अपेक्षेचं बोलते. तू भिगवणला रोहित पाहिलेस. तिथे नाव पाण्यात घातली की शेकडो पक्षी समोर उघडे असतात. इथे तसं काही होणार नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण २४० चौरस किलोमीटरचं हे रान. त्यातला बराच भाग पानगळीचा नि निमसदाहरित आहे, पण तांबडी सुर्ल्याच्या नदीकाठाला शिरलीस की खरं सदाहरित जंगल लागतं. वर पानांचं छत इतकं दाट की सकाळी नऊ वाजताही खाली संध्याकाळसारखा उजेड असतो. बांडगुळं, वेली, शेवाळलेले दगड, कुजणारी खोडं. अशा ठिकाणी पक्षी भरपूर असतात, पण ते दिसण्याआधी ऐकू येतात, आणि कित्येक तर फक्त ऐकूच येतात. पहिला तासभर काहीच दिसलं नाही तर घाबरू नकोस. डोळे नि कान त्या उजेडाला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

आता ज्यासाठी तुला एवढं बसवून घेतलं ते सांगते. दिवस कसा जाईल हे सगळं गाईडवर ठरतं. आणि चांगला गाईड ओळखायची माझी एकच खूण आहे. तो कुठे थांबतो आणि कशाला नाही म्हणतो ते बघायचं.

त्या रानात फ्रॉगमाउथ आहे, बेडूकतोंड्या म्हणतात त्याला. त्याच्यासाठी लोक देशभरातून तिथे येतात. तो निशाचर आहे. दिवसा नर-मादी एकमेकांना चिकटून, डोळे मिटून, खालच्या एखाद्या फांदीवर स्तब्ध बसलेली असतात. नर राखाडी-तपकिरी, मादी तांबूस. वाळक्या पानांत ती इतकी मिसळून जातात की दोन हातांवर असून दिसत नाहीत. त्यांचा बचाव एवढाच : हलायचं नाही. जानेवारी ते एप्रिल हा त्यांच्या विणीचा काळ, म्हणजे नेमका तुमच्यासारख्या पाहुण्यांचाही. स्वतःची पिसं, शेवाळ आणि दगडफूल यांची चिमुकली गादी करून मादी तिच्यावर एकच अंडं घालते. दिवसा ते उबवायला बसतो नर, रात्री पाळी बदलते.

एकदा आमच्या गटाबरोबर आलेल्या एका माणसाने ती जोडी डोळे उघडत नाही म्हणून फांदी काठीने हलवली. फोटो छान यावा म्हणून. पक्ष्यांनी डोळे उघडले, तोंड वासलं, आणि मागचे लोक खूश झाले. दुसऱ्या फांदीवर गेलेले ते पक्षी मला अजून दिसतात. अगं, ज्याचं सगळं रक्षण न हलण्यात आहे त्याला दिवसाढवळ्या हलायला लावायचं म्हणजे आसपासच्या प्रत्येक शिकारी पक्ष्याला त्याचा पत्ता द्यायचा. आणि तो अंड्यावर बसलेला बाप असेल तर? एकच अंडं असतं. ते गेलं की त्या जोडीची तेवढी मेहनत गेली.

म्हणून फोनवर गाईडशी बोलताना 'फ्रॉगमाउथ दाखवाल ना?' हा प्रश्न अजिबात विचारू नकोस. त्या प्रश्नाने त्याच्यावर दडपण येतं, आणि दडपणाखाली चांगला माणूसही चुकीचं वागतो. त्याऐवजी विचार, 'दादा, तुम्ही कॉल वाजवता का?' मोबाईलवर किंवा छोट्या स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढायची पद्धत आहे ना, ती. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, कधी घरटं उघडं टाकून भांडायला येतो. लोकांना तो समोर दिसतो, फोटो मिळतो. तासाभराने दुसरा गट येतो, पुन्हा तोच आवाज. मोसमभर हे चाललं तर त्या बिचाऱ्याने करायचं काय? जो गाईड म्हणेल, 'मॅडम, विणीच्या दिवसांत मी कॉल लावत नाही, नशिबात असेल ते बघू,' त्याला तिथल्या तिथे हो म्हण. आणि जो दहा पक्ष्यांची नावं घेऊन शंभर टक्के खात्री देईल, त्याला नम्रपणे 'कळवते' म्हणून फोन ठेव.

माणूस शक्यतो जवळपासच्या गावचा घे. मोले, कुळे आणि तांबडी सुर्ल्याच्या परिसरात वाढलेली मुलं या रानात लहानपणापासून फिरलेली असतात. कोणत्या झाडाला या महिन्यात फळ धरलंय, नदीचं पाणी कुठे उतरलंय, हे ती सांगतात तसं पुस्तक सांगू शकत नाही. पैशांवरून फार घासाघीस करू नकोस. रान उभं असल्यामुळे ज्या घरात चूल पेटते, ते घर रानाची राखण करतं. पैसे गाईडच्याच हातात दे, आणि दिवस कसाही गेला तरी ठरलेले सगळे दे. पक्षी दिसले नाहीत म्हणून पैसे कापणाऱ्या मंडळींमुळेच काठ्या नि स्पीकर बाहेर येतात.

चल, आता सकाळकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत तिथे सातच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा तू त्याच्या आधी रानाच्या तोंडाशी हवीस. त्या झुंजुमुंजूच्या वेळी नवरंग ओरडतो. थंडीत तिकडे उतरणारा पाहुणा आहे तो, पहाटे आणि सांजवेळी हमखास आवाज देणारा. तमिळमध्ये तर त्याला सहा वाजताचा पक्षीच म्हणतात. मग कुटुर्गा सुरू होतो, तो दिवसभर थांबत नाही. या दोघांचे आवाज आधी घरीच ऐकून कानात बसव. मर्लिन नावाचं ॲप आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं. वापर जरूर, पण सुचवणी म्हणूनच. पल्लवपुच्छ कोतवाल, लांब शेपटीच्या टोकांना पिसांचे गोंडे असलेला, तिथे भरपूर आहे आणि तो दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत आहे. ॲपने नाव दाखवलं आणि फांदीवर निघाला कोतवाल, असं घडतं. तेव्हा शेवटी गाईडच्या कानावर भरवसा ठेव.

या कोतवालाकडे नीट लक्ष दे. सदाहरित रानातले बरेच पक्षी एकेकटे फिरत नाहीत, मिश्र थव्याने फिरतात. अर्धा तास सगळं सुनसान, आणि मग दिंडी यावी तसा थवा येतो : पुढेमागे कोतवाल, खोडांवर सुतार, शेंड्याला निखार, मधल्या थरात बुलबुल आणि माशीमार. कोतवाल पहारा देतो, धोका दिसला की ओरडतो, आणि बाकीच्यांनी उडवलेल्या किड्यांवर स्वतःचं पोट भरतो. पाच-सात मिनिटांत सगळे पुढे निघून जातात. नवखी माणसं इथेच गोंधळतात, एक दुर्बिणीत येईपर्यंत दुसऱ्याकडे वळतात आणि एकही धड बघत नाहीत. तू एकच पक्षी धर. तो जाईपर्यंत त्याच्यावरच नजर ठेव. गेलेल्यांची यादी गाईडकडे असेलच.

कर्णा दिसला तर तुझं भाग्य. मलबार ट्रोगन. नराचं डोकं काळं, गळ्यात पांढरी पट्टी आणि पोट असं गुलाबी-लाल की त्या अंधारात डोळ्यांना खरं वाटत नाही. मादी तपकिरी, पोटाशी पिवळसर-नारिंगी. खोड अशी की तो बहुधा तुमच्याकडे पाठ करूनच बसतो, कितीतरी वेळ, काहीही न करता. पाठ तपकिरी असल्याने समोर असून दिसत नाही. तिथे उभं राहायचं. पाय हलवायचा नाही, कुजबुजायचं नाही. मान वळवली की तो लाल रंग दिसतो, आणि त्यासाठी थांबायचं धैर्य तुझ्यात आहे हे मला ठाऊक आहे. कामाच्या धबडग्यात तू विसरलीस, एवढंच.

आणि वर आकाशात जोरात हवा कापल्यासारखा आवाज आला तर लगेच उघड्या जागेकडे बघ. धनेश जातोय. महाधनेशाच्या पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो. त्याची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, एक फट तेवढी उरते, आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं सगळं त्याच्यावर. म्हणून एक धनेश मेला की पाठोपाठ ढोलीतलं कुटुंबही धोक्यात येतं. त्याला लागणारी ढोली जुन्या, जाड झाडातच मिळते, आणि त्याने खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पडून पुढची झाडं उगवतात. उंबर-वडाच्या जातीचं पिकलेलं झाड दिसलं तर गाईडला म्हण, 'इथे बसू या.' धावाधाव करण्यापेक्षा असल्या एका झाडाखाली तासभर बसलेलं मला जास्त आवडतं. गोव्याचा राज्यपक्षीही तिथेच भेटायची शक्यता : काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा, गळ्याशी लालभडक बुलबुल.

सामानाचं पटकन सांगते. दुर्बीण ८ बाय ४२ ची घे, विकत नको, आधी भाड्याने किंवा मैत्रिणीकडून. आठ म्हणजे आठपट जवळ, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठ्या भिंगातून उजेड जास्त येतो, आणि रानात उजेडाचीच टंचाई. दहा पटीच्या मोहात पडू नकोस, हात हलतो आणि नजरेचा घेर आकसतो. कपडे मातकट, शेवाळी रंगाचे. पांढरं, भडक आणि अत्तर नको. सळसळणारं जॅकेटसुद्धा नको. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश घरी चाळून जा. इंग्रजी नावं पाठ करायच्या नादात आपल्या भाषेतली किती सुंदर नावं आपण विसरलोय!

आता जे सांगते ते गंमत म्हणून ऐकू नकोस. माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या काही वर्षांत गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला त्याचे रुग्ण आढळलेत. तांबडी सुर्ला सत्तरीच्या शेजारीच. गोचिडीतून तो पसरतो, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच जास्त, म्हणजे पक्षी बघायच्या दिवसांतच. घाबरायचं नाही, काळजी घ्यायची. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पॅन्ट, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले. पालापाचोळ्यावर बसायचं नाही, बसायला दगड बघ किंवा जाड चटई ने. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याच्या माणसाला सांगायचं. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, केसांत, कानामागे, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते तपासायचं, आणि रानातले कपडे लगेच गरम पाण्यात. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की मी त्या रानात जाऊन आले. हे न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो. पावसाळ्यात जाणार असशील तर जळवांचा त्रास आहे, पण तो निव्वळ त्रास, रोग नाही.

आणि बायकांचं आपलं आपलं. रानात स्वच्छतागृह नसतं म्हणून आपण पाणीच पीत नाही, आणि दुपारी डोकं धरून बसतो. असं करू नकोस. सकाळी निघताना गाईडला सरळ सांग, 'दादा, दोन-अडीच तासांनी मला जरा थांबायला लागेल, जागा तुम्ही बघून ठेवा.' यात लाजण्यासारखं काय आहे? हे काम करणाऱ्या माणसाला रोजची सवय असते. पाळी येणार असेल तर गडद पॅन्ट घाल, जास्तीचे पॅड आणि झाकणाचा डबा ठेव, वापरलेलं सगळं परत आण. रानात पुरू नकोस, माकडं नि रानडुकरं उकरून काढतात. आणि पाळी आहे म्हणून बेत रद्द करू नकोस.

एकटीने जाणार असशील तर गाईडचं नाव, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ घरी कळवून ठेव. तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, तेव्हा 'सहा ते सहा फोन लागणार नाही' हे आधीच सांग, नाही तर आई इकडे देव पाण्यात ठेवून बसेल. पहिल्या खेपेला आणखी दोघी-तिघी असतील तर उत्तम. चारपेक्षा जास्त मात्र नको, गर्दीला पक्षी थारा देत नाहीत. गाईडचं बोलणं-वागणं एखाद्या क्षणी खटकलं तर तिथेच थांब, भिडेखातर पुढे चालत राहू नकोस.

साडेदहा-अकरानंतर रान गप्प होतं. तेव्हा महादेवाच्या देवळात जाऊन बस. बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंबांच्या काळातलं काळ्या पाषाणाचं देऊळ आहे ते, मागे घाटाची भिंत आणि बाजूने नदी. उन्हात वर सर्पगरुड शिट्टी घालत घिरट्या घालतो. नदीच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं येतात, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंतसुद्धा. झाडांवर शेकरूची घरटी शोध. माकडांना खाऊ देऊ नकोस, इतर कुणी देत असेल तर गोड शब्दांत थांबव. डबा खा, अर्धा तास डोळे मीट, आणि चारनंतर पुन्हा आत शीर. संध्याकाळ बऱ्याचदा सकाळपेक्षा उदार असते.

तुला हेही ठाऊक असावं की हे रान आयतं टिकलेलं नाही. २०२० मध्ये रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प मोल्यातून न्यायचं ठरलं होतं. गोव्यातली तरुण मुलं, चित्रकार, शास्त्रज्ञ, गावकरी 'आमचें मोलें' म्हणत एकत्र आले, चित्रं काढली, अभ्यास मांडला, कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ज्या सावलीत तू उभी राहशील ती राखायला तुझ्याच वयाच्या मुलींनी दोन वर्षं घालवलीत. गाईडला याबद्दल विचार. त्याला बोलायला आवडेल.

परत आलीस की फोटो टाकशीलच. टाक, पण घरट्याचा टाकू नकोस, आणि फ्रॉगमाउथची फांदी नेमकी कुठे होती ते कुणालाही कळवू नकोस, मला सुद्धा नाही. फोनमधलं ठिकाणाची नोंद करणारं सेटिंग आधीच बंद कर. ई-बर्डवर यादी भरायची असेल तर जरूर भर, त्या नोंदी अभ्यासकांच्या उपयोगाला येतात.

आता उशीर करू नकोस. थंडीतले शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा मधल्या वारी जा. आजच फोन लाव, आणि कॉलचा प्रश्न सगळ्यात आधी विचार.